गाभण कोळंबीचं निदान

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा पाजलाय, तर ऐकाच.

आम्ही मूळचे वडूजकडचे, म्हशीवाले. गोठ्याच्या दारातून नुसती नजर टाकली तरी म्हैस गाभण आहे की नाही, मी सांगतो. आता सांगलीत राहतो, कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवतो, पण अजून गावाकडून त्यासाठी फोन येतात. उगाच नाही!

आमच्या सुनंदानं, म्हणजे बायकोनं, काचेच्या टाकीत लाल कोळंब्या पाळल्यात. खायच्या नव्हे हो, बघायच्या! त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला. नागपंचमीला शिराळ्याला माहेरी निघाली, तेव्हा दारातच बजावलं, "आवं, रोज बगा. गाभण वाटली की लगीच फोन करा."

हे म्हशीवाल्याला सांगायचं?

मला लगेच सापडली. बारकी, फिकट, खाणं सोडून शेवाळाआड एकटीच बसलेली. वैरण सोडून कोपरा धरलेली म्हैस म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं? व्यायला झालीय! तिला वेगळ्या बरणीत ठेवलं, उकडलेला पालक घातला आणि फोन लावला.

तिकडून सासूबाईच बोलल्या, "जावईबापू, डोहाळं पुरवा हं बाईचं!"

पुरवले की!

काळजी होती ती दुसरीची. सगळ्यात मोठी, लालभडक. तिच्या शेपटीखाली पिवळट मण्यांचा घोस लटकलेला आणि ती आपली सारखी पाय हलवून झटकतेय. रोग! आजारी जनावर कळपात ठेवतं का कुणी? कारखान्यातल्या बाळूकडंही अशीच टाकी आहे. तो म्हणाला, "दादा, टाकू नगा. मला द्या, जगली तर जगली."

दिली. वर ताकीद दिली, "बाकीच्यांपासून लांब ठेव रं!"

आणि एका सकाळी बघतो तर बरणीच्या तळाशी पांढरीफटक, निपचित. गेली हो, बाळंतपणात गेली! मला खरंच भरून आलं. रडक्या आवाजात फोन केला. मायलेकी मिळेल त्या एसटीनं आल्या.

सासूबाईंनी बरणी डोळ्यांसमोर धरली. "आवं, ही तर कात हाय! आमच्या नागांच्या शिराळ्यात शेंबडं पोरबी वळखंल."

तेवढ्यात पालकाच्या पानाखालून आमची बाळंतीण टुणकन बाहेर आली.

सुनंदानं निरखून पाहिलं. "अन् ह्यो नर हाय!"

ती टाकीकडं वळली. "माजी मोठी लाल कुटं हाय?"

"तिला रोग झाला होता गं... शेपटीखाली पिवळे मणी..."

सुनंदा ओरडलीच. "आवं, अंडी हुती ती!"

तसेच गाडीवर बसून बाळूकडं गेलो. तो दारातच हसत उभा. "दादा, तुमच्या रोग्यानं पिल्लं घातली की! लय बारकी, टाकीभर!" माणूस दिलाचा मोठा. आई आणि निम्मी पिल्लं त्यानं परत दिली. सुनंदा हसली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

घरी येऊन टेकतोय तोच वडूजहून चुलतभावाचा फोन. "दादा, म्हस गाभण हाय का बगाय येतोस काय?"

मी ऐटीत घसा खाकरला. तेवढ्यात सुनंदानं फोन हिसकावून घेतला. "भावजी, त्यास्नी बोलवू नगा. म्हस कुणालातरी देऊन टाकत्याल, अन् रेड्याला पेंड चारत बसत्याल!"