बुडबुडा हाय, सर

एका माणसाला मी लेखी घाणेरडा ठरवलं आहे. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, वळणदार अक्षर, खाली माझी सही. ‘प्रयोगशाळेतील शिपाई पांडुरंग तांडेल हा घाणेरड्या सवयींचा असून त्यास उपकरणांस हात लावू देणे विद्यार्थ्यांच्या आरोग्यास हितावह नाही.’ हे वाक्य मला अजून पाठ आहे. ते खोटं होतं आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. तांडेल आता हयात नाहीत. त्यांच्याविषयी काही चांगलं लिहायचं, तर आधी हे लिहायला हवं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बोईसरच्या एका शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिरलो, तर खाकी चड्डीतला, चाळिशी उलटलेला एक माणूस खिडकीशी उभा राहून तोंडात आगकाडी घालून गाल आतून खरवडत होता. काडीच्या टोकाला पांढरट, चिकट काहीतरी आलं. ते त्याने काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चोळलं, निळ्या औषधाचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“काय करतोस रे हे?” मी विचारलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी पहिल्याच वाक्यात अरे म्हटलं.

“काय नाय सर. आज आमी जागेवर हाय का, ते बघतो.”

हाच शिपाई तांडेल, आणि हा त्याचा रोजचा नेम होता. माझ्या आधीच्या शिक्षकांनी त्याला गालाच्या पेशी बघायला शिकवल्या होत्या आणि तेव्हापासून घंटा देण्याआधी तो रोज स्वतःला एकदा बघून घ्यायचा. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी मी तो रुमालाने तीनदा पुसला. तांडेलने ते पाहिलं.

तांडेल जवळच्या मुरबे गावचा, मच्छीमार घरातला. सायकलवरून यायचा. त्याच्या सदऱ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असे. मी शाकाहारी घरातला. तो जवळ आला की श्वास रोखायचो. त्यालाही ते कळत असणार, कारण माझ्याशी बोलताना तो नेहमी वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहायचा. इतकी साधी सभ्यता तेव्हा मला दिसली नाही. वास मात्र बरोबर यायचा.

शाळा त्याने चौथीपर्यंत केली होती, पण पेशी त्याला माझ्याहून चांगली कळायची. मुलं मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती जमायची. “ही बघा होडी,” तो फळ्यावर पेशी काढून म्हणायचा. “भायेरचा पापुद्रा म्हणजे आपलं जाळं. काय आत घ्यायचं, काय भायेर सोडायचं, ते त्याच्या भोकांना म्हायती. आत हा चिकट रस, त्यात सगळा कारभार चालतो. नि मधी हा काळा ठिपका म्हणजे केंद्रक, तो तांडेल.” तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि याचं आडनावही तेच, म्हणून मुलं हसायची. “हसू नका. तांडेल नाय तर होडी जाईल कुठं? तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत तांडेल नाय. म्हणून बिचारी चार महिन्यांत बुडते.”

एकदा त्याने पानात बांधून गाभोळी आणली, माशाची अंडी. माझ्या टेबलावर उलगडली आणि मुलांना म्हणाला, “दुर्बीण नको, डोळ्यांनी बघा. यातला एक दाणा म्हणजे एक पेशी.” गोष्ट शास्त्रशुद्ध होती. त्या पिवळट, ओलसर गोळ्याकडे पाहून मी मात्र बाहेर पळालो आणि भिंतीशी ओकलो. परत आलो तेव्हा टेबल घासून धुतलेलं होतं.

“सर, तुमाला एक बोलू?” त्या दिवशी तो म्हणाला. “गालाची कातडी रोज गळते नि रोज नवी येते. गळलेली जाते कुठं? पोटात. आपुन दिवसभर आपल्यालाच गिळतो. आता किळस करायची तर सुरवात कुठून करायची?”

त्यानंतर तासभर मला आवंढा गिळवेना.

मग तपासणी आली. वर्ग नववीचा, पाठ मानवी पेशीचा. तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. तांडेलने स्वतःच्या गालाची काचपट्टी करून ठेवली होती. साहेबांना मी या माणसाची थुंकी दाखवू? मी म्हणालो, “ती ठेव बाजूला. मी माझी करतो.”

काडी तोंडाकडे नेली, पण आत घालवेना. सगळ्यांच्या देखत तो पांढरा लगदा काडीवर काढायचा, ही कल्पनाच सहन होईना. मी काडी नुसती ओठाला लावल्यासारखं केलं, पाण्यात फिरवली आणि वरची काच घाईने सपाट आपटली. भिंगाखाली एक सुंदर वर्तुळ दिसलं. जाड काळी कड, आत लख्ख.

“ही माझ्या गालाची पेशी,” मी जाहीर केलं. “हे तिचं आवरण.” मुलं एकेक करून बघून गेली आणि वहीत वर्तुळं काढू लागली. साहेब वाकले. “वा! फारच रेखीव.”

तांडेल माझ्या कानाशी आला. कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “बुडबुडा हाय, सर. पेशी नाय. पेशीची कड वाकडीतिकडी असते. माझी पट्टी तयार हाय, बदलून देऊ?”

त्याने मला वाचवायचा प्रयत्न केला होता. मी मोठ्याने म्हणालो, “लांब हो. तोंडाला वास येतो तुझ्या.”

चाळीस मुलं हसली. साहेबही हसले. तांडेल वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मला शाबासकी मिळाली. संध्याकाळी मी चाळीस वह्यांतल्या चाळीस बुडबुड्यांवर तांबड्या शाईने बरोबरची खूण केली. बुडबुडा ओळखणारा माणूस रोज समोर असणार, हे मला सहन होईना. आठवड्याने अर्ज दिला. तांडेलला प्रयोगशाळेतून काढून मुताऱ्या धुण्याच्या कामावर लावलं. मी तिकडे गेलो की तो फिनेलची बादली उचलून बाजूला व्हायचा. “सर, दोन मिंटं. ओलं हाय, पाय सरकेल.” मला त्याने टाकून बोलायला हवं होतं. ते तो कधी बोलला नाही. तीन महिन्यांनी नोकरी सोडून तो तारापूरकडे सुरू झालेल्या मोठ्या बांधकामावर घमेली उचलायला गेला.

दोन वर्षं गेली. नववीतली ती मुलं अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या शालान्त वर्षात आली. उजळणीच्या तासाला एका मुलीने तिची जुनी वही उघडली. तो बुडबुडा, माझी खूण. “सर, परीक्षेत पेशी अशीच काढायची ना?” मी हो म्हणालो आणि हात धुवायला गेलो. साबण संपेपर्यंत धुतले. किळस निघेना, कारण ती हाताला लागलेली नव्हती.

त्या रविवारी सायकल काढून मुरब्याला गेलो. तांडेल अंगणात जाळं विणत बसला होता. बाजूला बोंबील वाळत होते. मी सगळं कबूल केलं, काडी तोंडात घातलीच नव्हती हेसुद्धा. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना अर्ज खोटा असल्याचं सांगून आलो होतो आणि जागा भरल्यामुळे त्यांनी हात वर केले, हेही सांगितलं. “मला माफ करा, तांडेल.” पहिल्यांदाच ‘करा’ म्हणालो.

त्यांनी विणणं थांबवलं नाही. “इथं कशाला मागता माफी? या अंगणात मला कोणी घाणेरडा नाय बोलला.” मग विचारलं, “त्या पोरांच्या वहीत अजून बुडबुडाच हाय?”

“हो.”

“मग ती पोरं पास होऊन जातील, नि जन्मभर बुडबुड्याला माणूस समजतील. आधी ते खोडा सर. माझं राहू द्या.”

“तुम्ही याल?”

सोमवारी ते कामावर न जाता आले. धुतलेला पांढरा सदरा. वर्गात पाऊल टाकताना त्यांनी सवयीने वारा कुठून येतो ते पाहिलं. मी खिडकी लावून घेतली आणि त्यांच्या अगदी शेजारी उभा राहिलो.

मग मुलांच्या देखत काडी तोंडात घातली आणि गाल खरवडला, दुखेपर्यंत. टोकाला तोच पांढरट, चिकट लगदा आला. किळस आली, नाही असं नाही. काडी तांडेलांच्या हातात दिली. त्यांनी ती अशी घेतली, जशी कुणी फुलवात घेईल. पट्टी केली. वरची काच सुईच्या टोकावर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडली, एकही बुडबुडा न धरता. शेजारी स्वतःचीही एक केली. मुलं दोन्हींत बघून गेली. वाकड्या कडांच्या, मध्ये निळा ठिपका असलेल्या पेशी. ती वहीवाली मुलगी वर बघून म्हणाली, “सर, यातली तुमची कुठली?”

मी पुन्हा दोन्हींत डोळा लावून पाहिलं, पण ओळखता येईना. तांडेल हसले.

“नववीतलं चित्र खोडा,” मी मुलांना म्हणालो. “तो हवेचा बुडबुडा होता. तांडेलांनी तेव्हाच मला सांगितलं होतं आणि मी तुमच्यासमोर त्यांच्या तोंडाला वास येतो म्हणालो. मग त्यांना घाणेरडं ठरवणारा अर्ज लिहिला. ते खोटं होतं. किळस मला माझ्याच थुंकीची आली होती, आणि ती मी यांच्या नावावर लिहिली. तांडेल, या सगळ्यांच्या देखत तुमचा अपमान केला, म्हणून यांच्याच देखत मागतो. मला माफ करा.”