फारच जुळतंय

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती भर दिवसा अंधारात बसायची. सांगलीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. खिडक्यांना काळा कागद डकवलेला, दाराला जाड पडदा, मधोमध एक पांढरं टेबल आणि त्याच्या वर प्रोजेक्टर. फिल्मचं रीळ हातानं फिरवायचं, एकेक फोटो टेबलावर पाडायचा, नीट न्याहाळायचा, हवं ते दिसलं तर कागदावर टिपायचं आणि पुढं सरकायचं. असं दिवसभर.

फोटो युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून यायचे. तिथं प्रोटॉनांना प्रचंड वेग देऊन द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत सोडत. कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक बुडबुडे उठत, आणि तेवढ्यात कॅमेरे ते टिपून घेत. बहुतेक फोटोंत नुसत्या सरळ रेघा असायच्या. पण एखाद्या रेघेची वाटेत टक्कर व्हायची आणि त्या ठिकाणाहून चारसहा नव्या रेघा फुटायच्या. त्या नव्या कणांच्या. दोन झोत समोरासमोर आणून धडकवणारं यंत्रही तिथं नुकतंच चालू झालंय, असं आमचे सर मोठ्या अप्रूपानं सांगायचे. आमच्या वाट्याला मात्र टाकीचेच फोटो होते. सर मुंबईच्या एका संस्थेत काही वर्षं काढून आले होते, आणि त्या ओळखीवर त्यांनी हे काम सांगलीत आणलं होतं. कॉलेजात त्यांचं वजन होतं ते या कामामुळंच.

मी मूळची मेढ्याची. सांगलीत आत्याकडं राहायचे. आणीबाणीचे दिवस होते. लोक कुठल्याही गोष्टीकडं दोनदा बघायचे, आणि आमच्या खोलीत तर बघण्यासारखं बरंच होतं. परदेशातून येणारे पत्र्याचे डबे, काळ्या केलेल्या खिडक्या, आत बायका. आत्याच्या गल्लीत कुणीतरी विचारलं होतं म्हणून तिनं मला एकदा खोदून विचारलं, की कुणाचे फोटो असतात गं ते. मी म्हणाले, कणांचे. तिचं समाधान झालं नाही. माणसांचे नाहीत ना, एवढं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं आणि विषय सोडला. सोडला असं मला वाटलं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई मिरजेच्या होत्या. सगळं कॉलेज त्यांना भाभी म्हणायचं. त्यांच्या सासरी तंबोरे आणि सतारी करायचा धंदा होता. लग्नानंतर हट्टानं शिकून त्या पदवीधर झाल्या होत्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, बोलायला मऊ, कामात मात्र कडक. दुपारी आम्ही मागच्या पायरीवर बसून डबा खायचो. त्यांच्या डब्यातली कोथिंबिरीची वडी माझ्याकडं यायची, माझी भाकरी त्यांच्याकडं जायची.

आमच्या कामाचा एक नियम होता. प्रत्येक रीळ दोघींनी वेगवेगळं तपासायचं, एकमेकींच्या नोंदी न बघता. अर्धी रिळं आधी भाभी बघायच्या, अर्धी आधी मी. मग सर दोघींच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून बघायचे. माणसाच्या डोळ्यातून काही ना काही निसटतंच. मला जे दिसलं आणि भाभींना नाही, भाभींना दिसलं आणि मला नाही, त्यावरून दोघींच्याही डोळ्यांतून किती निसटलं असेल याचा हिशेब निघतो. पण त्यासाठी दोघींचे डोळे खरोखर वेगळे असायला हवेत. एकीनं दुसरीचं बघितलं की सगळा हिशेब खोटा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मुंबईहून एक शास्त्रज्ञ आले. सरांपेक्षा वयानं लहान, पण हुद्द्यानं मोठे असावेत, कारण सर त्यांच्यासमोर उभेच राहिले. त्यांनी आमच्या नोंदी आधीच मागवून घेतल्या होत्या. आम्हाला दोघींना समोर बसवून ते शांतपणे म्हणाले, "तुमचं काम फारच जुळतंय."

मला ते कौतुक वाटलं. मी हसले. भाभी हसल्या नाहीत.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. ठळक, सहज दिसणाऱ्या टकरी दोघींना सापडणारच, त्यात नवल नाही. पण ज्या फार फिक्या, फोटोच्या कोपऱ्यातल्या, चटकन न दिसणाऱ्या, त्याही दोघींना नेमक्या त्याच सापडत होत्या. आणि ज्या निसटत होत्या त्याही त्याच. त्यांनी मुंबईत तिसऱ्या माणसाकडून काही रिळं तपासून घेतली होती. पूर्वी असं नव्हतं, गेल्या काही महिन्यांतच व्हायला लागलंय, असं ते म्हणाले. आरोप केला नाही. आरोप केला असता तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं.

ते गेल्यावर सरांनी आमची वेळ वेगळी केली. भाभी सकाळी, मी दुपारी. नोंदी लिहून संपल्या की कागद लगेच सरांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. एकमेकींशी कामाबद्दल बोलायचं नाही. पायरीवरचा डबा आपोआपच बंद झाला.

आता मला भाभींचा संशय यायला लागला. मी कधी त्यांचे कागद बघितले नव्हते हे मला ठाऊक होतं. म्हणजे ज्या रिळांत मी आधी होते, तिथं त्यांनीच माझं बघितलं असणार. मग ज्या रिळांत त्या आधी होत्या, ती कशी जुळली? तिथं मी स्वतःला सांगायचे, की माझी नजर तयार झालीय, मला दिसतं. हा विचार किती सोयीचा आहे हे तेव्हा लक्षात येत नव्हतं. कॉलेजच्या फाटकात त्या बाहेर पडताना आणि मी आत शिरताना गाठ पडायची. त्या पदर सावरून माझ्याकडं निरखून बघायच्या. त्या बघण्यात काय असायचं ते मला फार उशिरा कळलं.

वेळ वेगळी केली, कपाटाला कुलूप लावलं, तरी नोंदी जुळतच राहिल्या. त्यामुळं सरांचा संशय आणखी पक्का झाला. कॉलेजात भेटत नाहीत म्हणजे बाहेर भेटत असणार. एका रविवारी मी बाजारात गेले असताना ते आत्याच्या घरी येऊन गेले. मिरजेच्या बाई इथं येतात का, तुमची भाची मिरजेला जाते का, असं विचारून गेले. आत्यानं त्यांना चहा दिला, नाही म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या कंडक्टरबरोबर मेढ्याला निरोप धाडला.

आबा, माझे वडील, दिवेलागणीला आत्याच्या दारात उभे राहिले. ते फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. मला म्हणाले, "कॉलेजातलं काय चोरलंस?"

मी म्हणाले, काही नाही.

"मग मास्तर घरापत्तुर का आला? आन् तुमी दिसाचं अंधारात बसून करता काय? मला बगायचंय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. सरांना वाटलं हे भांडायला आलेत. आबांनी नमस्कार केला आणि सांगितलं, की पोरीचं काम डोळ्यानं बघितल्याबिगर मी परत जानार न्हाई. सर थोडे अवघडले, मग म्हणाले, या. ते स्वतःही खोलीत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, बरंच झालं त्यांना, आयतीच नजर ठेवता येईल.

मी दिवा लावला. आबांना समजावं म्हणून प्रत्येक गोष्ट बोलत बोलत करायला लागले. ही रेघ म्हणजे एक कण. यात टक्कर नाही, पुढं जाऊ. यातही नाही. पुढं. आता चित्र जरा अस्पष्ट आलंय म्हणून फोकस सारखा करून घेते. आता नीट बघू, हं, ही बघा, इथं कोपऱ्यात टक्कर आहे, फिकी आहे. टिपून घेते. पुढं. यात नाही, यात नाही. आता परत अस्पष्ट झालं, फोकस सारखा करते...

आणि माझेच शब्द माझ्या कानावर पडले. हे मी रोज करत होते, पण गप्प बसून. हात आपोआप फोकसच्या चाकाकडं जायचा, आणि चाक फिरवेपर्यंत डोळे त्या चित्रावर जास्त वेळ थांबायचे. मी रीळ मागं फिरवलं. परत पुढं आणलं. जिथं चित्र अस्पष्ट येत होतं, तिथंच टक्कर होती. स्वच्छ येणाऱ्या चित्रांवरून मी झरझर पुढं जात होते.

ते रीळ सकाळी भाभींनी बघितलेलं होतं.

मी दिवा बंद केला, रीळ काढलं आणि पडदा सारून बाहेर उजेडात आले. आबा आणि सर मागोमाग. फिल्म तिरकी धरली तर दिसत होतं. काही फोटोंच्या चौकटी मधून किंचित फुगल्या होत्या, पापड शेकताना फुगायला लागतो तशा. जी चौकट दिव्याखाली जास्त वेळ थांबली, ती तापून फुगली होती. आणि जास्त वेळ कुठली थांबणार? जिच्यात भाभींना काही दिसलं, जिच्यावर त्या नोंद करायला थांबल्या, तीच. त्यांच्या थांबण्याची खूण फिल्मवर राहत होती आणि मी नकळत त्या खुणेवर थांबत होते. माझ्या खुणेवर त्या थांबत असणार.

पूर्वी असं नव्हतं, याचंही कारण तिथंच होतं. प्रोजेक्टरचा मूळचा परदेशी बल्ब उन्हाळ्यात गेला होता. तसा मिळेना, म्हणून सरांनी सिनेमाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून दुसरा आणून स्वतः बसवला होता. उजेड भरपूर पडतो म्हणून आम्ही दोघी खूष होतो. त्याची धग किती आहे याचा विचार कुणीच केला नव्हता.

सरांनी फिल्म माझ्या हातातून घेऊन स्वतः तिरकी धरली. मग म्हणाले, "कारण पटण्यासारखं आहे. पण पटण्यासारखी कारणं नंतरही शोधता येतात."

मला रडू यायला लागलं होतं, पण आबांसमोर रडायचं नव्हतं. मी म्हणाले, "मग सर, तुम्हीच बघा ना तपासून. रिकाम्या चौकटी निवडा, ज्यांत काहीच नाही. त्या दिव्याखाली ठेवा. कुठल्या ते आम्हाला सांगू नका. आम्ही कुठं थांबतो ते शेजारी बसून बघा."

आबा संध्याकाळच्या गाडीनं कराडमार्गे परत गेले. जाताना स्टँडवर मला एवढंच म्हणाले, "तू खरं बोलतीस ह्ये मला कळलं. पन त्या मास्तरला कळूंदे, मग मला सांगावा धाड."

सरांनी नवं रीळ काढलं, आमच्यातल्या कुणीच न बघितलेलं. कुठल्या चौकटी तापवल्या ते कुणालाही सांगितलं नाही. सकाळी भाभी बसल्या तेव्हा त्यांच्या शेजारी बसले, दुपारी माझ्या. मला ठाऊक होतं काय चाललंय, त्यामुळं मी फोकसला हात लावायचाच नाही असं ठरवून बसले होते. तरी हात जात होता. भाभींना तर काहीच माहीत नव्हतं. त्या आपल्या नेहमीच्या पद्धतीनं काम करत गेल्या, आणि सरांनी तापवलेल्या रिकाम्या चौकटींवर थांबून, चाक फिरवून, कुठं टक्कर आहे का ते शोधत बसल्या.

संध्याकाळी सरांनी दोघींना बोलावलं. सगळं सांगितलं. बल्ब मीच बसवला होता, हे त्यांनी दोनदा म्हटलं. आमची माफी त्यांनी त्या खोलीत मागितली नाही. पण त्याच आठवड्यात ते आत्याकडं गेले, आणि मिरजेला भाभींच्या घरी, त्यांच्या सासऱ्यांसमोर जाऊन बसले, हे मला नंतर समजलं. मुंबईला त्यांनी काय कळवलं ते आम्हाला दाखवलं नाही. तिथून उष्णता अडवणारी काच आली, बल्ब बदलला, आणि ती सगळी रिळं पुन्हा नव्यानं तपासायचं ठरलं.

त्या दिवशी सरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर भाभी आणि मी कितीतरी आठवड्यांनी एकत्र चाललो. फाटकाशी त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मी तुझ्यावरच संशय घेतला होता. म्हटलं, पोरगी हुशार आहे, पण घाई आहे तिला."

"मीही तुमच्यावरच घेतला होता," मी म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दिसायचं तुझ्या तोंडावर. वाईट ते वाटलं नाही. घरी नवऱ्यानं विचारलं, की खरंच तू नाही ना केलंस, त्याचं वाटलं."

पुढं वर्षभर आम्ही जुनी रिळं पुन्हा तपासली. आता नोंदी पूर्वीसारख्या थोड्या वेगळ्या यायच्या, आणि सर त्या न जुळलेल्या जागा मोठ्या समाधानानं मोजायचे. पायरीवरचा डबा परत सुरू झाला. कोथिंबिरीची वडीही यायची. पण एखाद्या दिवशी माझी नोंद त्यांच्याशी अगदी तंतोतंत जुळली, तर दोघी जरा थबकायचो, आणि नको ते बोलून जाऊ म्हणून पावसापाण्याचं काहीतरी बोलायचो. फिल्मचे डबे येणं हळूहळू कमी झालं. भाभी सासरच्या दुकानाचं बघायला लागल्या. मला साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली, तेव्हा निरोप घ्यायला मी मिरजेला गेले. दुकानात त्या एका नव्या तंबोऱ्याच्या तारा लावून बघत होत्या. मला बसायला सांगितलं, एक तार छेडली, अजून जुळत नाही म्हणून मान हलवली, खुंटी किंचित पिळली, आणि परत छेडली.