नव्या तांदळाचा भात
कुकरचं झाकण उघडलं की नव्या तांदळाचा दुधाळ वास येतो आणि मला डहाणूच्या समुद्राजवळची ती खानावळ आठवते. पालघर जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि ऑफिसातले आम्ही चौघे मित्र सुट्टीच्या शनिवारी दुपारी तिथे बोंबील खायला जायचो. त्या दिवशी बाहेर सुरूच्या झाडांत वारा घोंघावत होता, कुरकुरीत बोंबील संपत आले होते, तेवढ्यात वाफाळता भात आला. आमच्यातला कासा गावाजवळच्या आदिवासी पाड्यावरचा मित्र ताटावर वाकला, त्याने वास घेतला आणि मालकाला विचारलं, "शेठ, तांदूळ नवा आहे?" "एकदम नवा, घरच्या शेतातला," मालक खुशीत म्हणाला. मित्राने भात हळूच बाजूला सारला. मालकाचा चेहरा पडला. मला वाटलं, मघाशी बोंबील खाताना मी मित्राची थट्टा केली होती, तिचाच त्याला राग आला. "अरे, नवा म्हणजे चांगलाच ना?" मी म्हटलं. "चांगलाच आहे, म्हणून तर. आमच्या घरी अजून देवाला दाखवला नाही, त्याच्या आधी मी कसा खाऊ? तुम्ही खा, तुमचं तसं नसेल." आमचं कसं असतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. त्याने शांतपणे भाकरी मागवली. शेवटी आम्ही भात खाल्ला, पण तो कसा लागला ते मला आठवत नाही. आज पुन्हा नवा भात ताटात आहे, आणि पहिला घास कुणासाठी बाजूला ठेवायचा, हे मला अजून कळलेलं नाही.