चादर धर, पोरी

हॉस्पिटलात किस्से धुण्यासारखे साठतात. आज सगळं धुऊन, वाळवून कपाटात ठेवलं म्हणावं, तर उद्या सकाळी दारात तेवढाच ढीग! पलूसच्या बाजूला आमचं छोटं हॉस्पिटल आहे, तिथं मी बरीच वर्षं सिस्टर आहे. त्यामुळे माझा ढीग आता छताला लागलाय. त्यातले बहुतेक किस्से आक्कांचे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आक्का म्हणजे जनरल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. गाव कुंडल. मी वाईची. पहिल्या दिवशी मी अगदी व्यवस्थित, "नमस्कार, माझं नाव वैशाली, माझं शिक्षण साताऱ्याला झालं," अशी ओळख करून दिली. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं बरं. जेवलीस का, पोरी?"

तेव्हापासून मी पोरीच. पुढं मला दोन पोरं झाली तरी पोरीच!

*

आक्कांचा एक नियम होता. कौतुक करायचं ते पेशंटसमोर आणि रागवायचं ते चादरींच्या खोलीत. कुणाचं काही चुकलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "चल, जरा चादर धर." की समजायचं, आपली घटका भरली!

आत गेलं की मोठी चादर उलगडायच्या. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन आपल्या. सुरुवातीला दोघी लांब उभ्या, तेव्हा आक्कांचा आवाज चढलेला. मग एक घडी, मग दुसरी. घडी घालायची म्हणजे जवळ यावंच लागतं. शेवटच्या घडीला आपली बोटं त्यांच्या बोटांना टेकायची, तोवर त्यांचा राग आणि आपलं रडू दोन्ही ओसरलेलं असायचं.

कडेगावचा सूरज ब्रदर नवीन लागला तेव्हा त्याला हे काहीच माहीत नव्हतं. एक दिवस तो हौसा मावशींपाशी गेला. मावशी म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आयाबाई. तो खुशीत म्हणाला, "मावशी, आक्कांचा माझ्यावर लय जीव दिसतोय. सारखं मलाच घड्या घालायला बोलवत्यात!"

मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "व्हय रं बाबा. लय जीव हाय. असाच चुकत ऱ्हा!"

*

आमच्याकडं पेशंट एकटा ॲडमिट होत नाही. त्याच्याबरोबर भावकी येते. पण वॉर्डात एका पेशंटजवळ एकच नातेवाईक, हा आक्कांचा कायदा.

एकदा पेशंट आक्कांचेच चुलत सासरे निघाले. कुंडलहून टेम्पो भरून माणसं आली आणि सगळ्यांच्या पुढं आक्कांचे यजमान. ते मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मिशीला पीळ देत म्हणाले, "आपलीच मंडळी हाईत. सोड की आत."

आक्का दारातून हलल्या नाहीत. "सुभेदारसाहेब, तुमच्या छावणीच्या गेटवर मी पासाशिवाय आले असते, तर सोडलं असतं का?"

सुभेदार वळले आणि गरजले, "चला, लायनीत! एक आत, एक भाईर!" बाहेर लिंबाखाली भावकीची सरळ रांग लागली. आक्कांनी सगळ्यांना चहा पाठवला आणि ज्याचा नंबर येईल त्याला स्वतः आत नेलं.

सुभेदारांची शिस्त इतकी कडक, की राउंडला आलेले आमचे डॉक्टरसुद्धा दहा मिनिटं रांगेत उभे होते!

*

आक्कांची रिटायरमेंट जवळ आली. त्यांच्यामागं इन्चार्ज कोण, तर मी! मला औषधं येतात, ड्रेसिंग येतं, सलाईन तर डोळे मिटून लावीन. पण दुसऱ्याला काम सांगायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. सांगण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, असा माझा स्वभाव. आक्का म्हणायच्या, "सगळं तूच केल्यावर बाकीच्यांनी काय माश्या मारायच्या व्हय?"

मेट्रनबाईंनी मला सांगलीला ट्रेनिंगला धाडलं. नर्सेससाठी लीडरशिप आणि मॅनेजमेंट. एसी हॉल, फाइल, पेन, दुपारी गुलाबजाम. तिथल्या मॅडमनी सांगितलं, "लीडरनं सगळं स्वतः करायचं नसतं. कामं वाटून द्यायची, आणि माणसांवर विश्वास ठेवायचा."

मी दुसऱ्याच दिवशी कामं वाटायला सुरुवात केली. चार नंबरच्या आजोबांना अंघोळ घालायला मावशींना सांगितलं. मावशी विसरल्या तर? म्हणून सूरजला सांगितलं. तो फोनवर दिसला, म्हणून आजोबांच्या सुनेलाही सांगून ठेवलं. म्हणजे ट्रेनिंगमधलं अर्धं मी अगदी तंतोतंत पाळलं.

दुपारी राउंडला गेले तर आजोबा कुडकुडत बसलेले. केसांचा भांग पाडलेला, अंगाला साबणाचा घमघमाट. मला बघून हात जोडले.

"आवं बाई, आज माजं लगीन हाय का काय? सकाळधरनं तीनदा आंगूळ झाली!"

माझ्यामागून आवाज आला, "चल पोरी. जरा चादर धर."

*

आक्का रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी मी पार्टिशनमागं जाऊन रडून घेतलं. खरं सांगते, मला इन्चार्ज व्हायचं नव्हतं, मला आक्का हव्या होत्या.

ऑर्डर माझ्या नावाची निघाली, पण वॉर्डाला ते पटेना. सूरजला रजा हवी असली की तो आक्कांना फोन करायचा आणि मला येऊन कळवायचा, "आक्का हो म्हणाल्या." आक्काही कमी नव्हत्या. रोज सकाळी ड्युटी बदलायच्या वेळेला त्यांचा फोन ठरलेला. "पाच नंबरच्या आज्जी जेवल्या का? आणि खिडकीजवळच्या बाईला वारं लागतंय, कॉट हलव." कॉट मी आधीच हलवलेली असायची. तरी "हो आक्का" म्हणायची. फोन आला की बरं वाटायचं आणि ठेवला की वाईट वाटायचं.

एकदा एका पेशंटच्या मुलानं दारातच विचारलं, "इथल्या इन्चार्ज सिस्टर कोण?"

मावशी हळहळून म्हणाल्या, "त्या रिटायर झाल्या रं लेकरा!"

मी शेजारीच उभी होते.

त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंकडं गेले आणि म्हटलं, "मला साधी सिस्टरच राहू द्या. माझ्यानं हा वॉर्ड चालणार नाही." त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघ. तेव्हाही असंच वाटलं तर दुसऱ्या कुणाला देऊ."

*

दिवाळी तोंडावर आली आणि आक्काच आमच्या वॉर्डात ॲडमिट झाल्या. पित्ताशयाचे खडे. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, कुणी धरल्याशिवाय कॉटवरून उतरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले, तर आक्का उभ्या! एका हातात स्वतःची सलाईनची बाटली उंच धरलेली आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या आज्जींची चादर नीट करतायत. वर सूरजला सूचना चालू. तो समोर उभा राहून मान डोलावतोय. एवढ्यात आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या एका बाजूला कलंडल्या. मी धावत जाऊन धरलं, मावशींनी दुसरीकडून धरलं, कसंबसं त्यांना कॉटवर बसवलं. बाटली स्टँडला अडकवली, नाडी बघितली, बीपी घेतलं. ठीक होतं.

सूरज पुटपुटला, "आक्काच त्या. त्यांना कोण थांबवणार?"

मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या आता. वॉर्ड त्यांचाच हाय."

आक्का हसून म्हणाल्या, "काय न्हाई झालं गं पोरी. उगं घाबरतीस."

मी कॉटभोवती पडदा ओढला. कपाटातून एक मोठी चादर आणली, उलगडली आणि दोन टोकं पुढं केली.

"आक्का, चादर धरा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग सलाईनचा हात सांभाळत त्यांनी टोकं धरली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले आणि माझा आवाज चढला. वाईच्या शुद्ध भाषेचं त्या वेळी काय झालं कुणास ठाऊक!

"पडला असता म्हंजे? डोकं फुटलं असतं म्हंजे? सुभेदारांना मी काय सांगायचं? ह्या वॉर्डात पेशंटनं कवा उठायचं ते मी ठरवणार. तुमी न्हाई!"

पडद्याबाहेर फरशी पुसल्याचा आवाज थांबला.

एक घडी घातली. मग दुसरी. मी एकेक पाऊल पुढं सरकत होते. शेवटच्या घडीला माझी बोटं त्यांच्या बोटांना टेकली. त्यांचे हात गार होते. मी चादर त्यांच्या पायांवर ठेवली, डोळे पुसले आणि पडदा सारला. सूरज आणि मावशी तिथंच उभे होते, दोघंही खाली बघत.

आक्का मुकाट्यानं आडव्या झाल्या. मग हळूच हाक मारली.

"मावशी, तेवढं इन्चार्ज सिस्टरना इचारा. म्हणावं, पेशंटची उशी जरा उंच केली तर चालंल का?"