पेडगावच्या खळ्यावरचा वादळाचा डोळा

त्या वर्षांत मी परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि चक्रीवादळांचा जाणकार म्हणून मिरवत होतो. समुद्र मी पाहिलेला नव्हता. विमान पाहिलं होतं, पण खालून, मान वर करून.

या जाणकारीचं सगळं भांडवल म्हणजे एक लेख. नामांतराच्या आंदोलनामुळे कॉलेज कधी चालू तर कधी बंद असे. तास नसले की मी ग्रंथालयात जाऊन बसे. तिथे एका परदेशी मासिकात वाचलं की, काही शास्त्रज्ञ विमानात रडार बसवून थेट वादळात घुसतात. रडारच्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात आणि त्यावरून वादळाची आतली रचना कळते. मधोमध शांत, कोरडा डोळा, त्याच्याभोवती ढगांची उंच भिंत, तिच्या बाहेर पावसाचे गोल पट्टे. मी वेडाच झालो. अख्खा लेख वहीत उतरवला, रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढली. शेवटचं पान तेवढं सोडलं, कारण त्यात विमान नव्हतं.

मग जो तावडीत सापडेल त्याला मी वादळ समजावू लागलो. वही दिसली की बायकोला दळण आठवायचं. मनापासून ऐकणारी दोनच माणसं होती, पेडगावची माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान. अक्काला माझं सगळंच कौतुक. दाजींना मात्र खरंच समजायचं. पहिल्यांदा चित्र पाहून ते म्हणाले, "म्हंजी खळ्यावानीच की. बैल गोल फिरतेत आन् मेढीचा खांब मधी जागच्या जागी." मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. तरी मी गुरुजींसारखी मान हलवून त्यांना शाबासकी दिली.

एका दिवाळीत मी भाऊबीजेला पेडगावला गेलो. आंध्राच्या किनाऱ्यावर वादळ आल्याचं रेडिओ सांगत होता आणि आमच्याकडेही पावसाची झड लागली होती. दाजींची ज्वारीची कणसं नुकतीच खुडून खळ्यावर पडलेली. ढिगावर ताडपत्री टाकली होती, पण तोवर कणसं भिजलीच होती. वर्षभराची भाकरी त्या ढिगात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. लख्ख ऊन पडलं. शेजारच्यांनी आपापले ढीग उघडून कणसं पसरली. दाजींनीही ताडपत्रीला हात घातला, तेवढ्यात मी वही घेऊन आडवा आलो.

"थांबा दाजी. हा वादळाचा डोळा आहे. आता दुसऱ्या बाजूची भिंत येणार."

दाजींनी वर पाहिलं. "ऊन तर चांगलं पडायलंय की."

"डोळ्यात ऊनच पडतं."

ते घुटमळले. तेव्हा अक्का म्हणाली, "आवो, त्यो सालभर त्येच वाचायलाय. त्याचं ऐका." आणि दाजींनी ताडपत्री सोडली.

मी खळ्याच्या कडेला बाज टाकून आभाळाकडे बघत बसलो. वहीप्रमाणे डोळा डोक्यावरून सरकायला फार तर काही तास लागायला हवे होते. संध्याकाळ झाली तेव्हा मी ठरवलं, डोळा मोठा असणार. दुसरा दिवसही कोरडा गेला, तेव्हा तो फारच मोठा असल्याचं मी दाजींना पटवून दिलं. शेजाऱ्यांची कणसं वाळत होती. आमची भिंत काही येत नव्हती.

तिसऱ्या सकाळी दाजींनी मला न विचारता ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. ढीग आतून तापला होता. ताडपत्री ओढली तशी आंबूस वाफ आली. कणसांना मोड फुटले होते, दाणे काळे पडले होते.

दाजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखंच बोलले. "सर, ते विमानवाले आत घुसून बगतेत म्हणला होता ना? तुमचं आत बगायचंच ऱ्हायलं."

परभणीला परतल्यावर मी ग्रंथालयात जाऊन त्या लेखाचं सोडलेलं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो आणि त्याचा डोळा काही तासांत बुजतो, असं तिथे साध्या चार ओळींत लिहिलं होतं. किनारा आमच्यापासून कुठल्या कुठे. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

संक्रांतीपर्यंत मी पेडगावला जायचं टाळलं. गेलो तेव्हा अक्काने ताटं वाढली. माझ्या ताटात पांढरीशुभ्र भाकरी होती. त्या दोघांच्या ताटात काळपट, तडे गेलेली.

"माझी वेगळी का?"

"शेजारून पीठ आणलं वाटीभर," अक्का म्हणाली. "तुला ही काळी जायची न्हाई."

मी माझी भाकरी दाजींच्या ताटात ठेवली आणि त्यांची उचलली. पहिल्याच घासाला बुरशीचा वास आला. कडू होती. मी मान खाली घालून खात राहिलो.

"आता घुसलाव आत," दाजी म्हणाले आणि हसले.

अक्का हसली नाही. तिने दाजींच्या ताटातली पांढरी भाकरी उचलली आणि पुन्हा माझ्या ताटात ठेवली.