गुळाच्या सह्यांवरचा करार आणि आमचा मारोती

मारोती परवा वारला. काल त्याच्या फोटोला पहिला हार घातला, तो त्याला करारातून पुसणाऱ्या माणसानं.

म्हणजे आमच्या युनियनच्या सेक्रेटरीसाहेबांनी.

फॅक्टरीच्या गेटवर फ्लेक्स लागला आहे. सेक्रेटरी दाराएवढे, हात जोडून. मारोती खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइज.

वर लिहिलंय, "ऐतिहासिक करार मंजूर करून आणणारे नेतृत्व".

मी शाळेत फारसा गेलो नाही. सिमेंटच्या गोणीवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलो. पण एका ओळीत इतकं खोटं मावतं, हे मला काल कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

करार होता उत्पादन कामगारांचा. पगार, रजा, दवाखाना, सगळं त्यात. भांडण एकाच गोष्टीवर होतं. आम्ही पॅकिंग प्लांटवाले उत्पादनात धरायचे की नाही?

धरलं तर आम्ही कंपनीची माणसं. नाही धरलं तर उद्या उचलून ठेकेदाराच्या दावणीला.

मॅनेजर म्हणायचे, "सिमेंट साठवणीच्या सायलोत पडलं की उत्पादन संपलं."

मारोती म्हणाला, "मंग सायलोतूनच विका ना साहेब. आमाले धूळ खायाले काऊन बोलावता?"

गेट मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. पॅकिंग आत. आम्ही टाळ्या वाजवल्या. येड्यासारख्या वाजवल्या.

मग करार मंजुरीसाठी चंद्रपूरला कोर्टात गेला.

मारोतीनं कॉपी मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचा विश्वास नाही का, मारोतराव?"

"विश्वास हाय ना भाऊ. पण कॉपी द्या."

आठ दिवस फिरवलं. शेवटी कॉपी हातात आली.

पॅकिंगचं कलम गायब!

आणि मागे जोडलेली आमच्याच सह्यांची यादी. वर टाइप केलेलं, "करार वाचून, समजून मान्य आहे."

आम्ही कधी सह्या केल्या? कोणालाच आठवेना. मारोती त्या यादीकडे पाहत बसला आणि एकदम माझ्याकडे वळला.

"काय गा, माह्या नावापुढं तुही सही कशी?"

मी पाहिलं. सही माझीच.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. धुळीवर उतारा म्हणून पॅकिंगवाल्यांना दर महिन्याला गूळ मिळतो. तो रजिस्टरवर सही करून घ्यायचा. मारोतीला शुगर. त्याच्या वाट्याचा गूळ मी उचलायचो, त्याच्या नावापुढं सहीही मीच ठोकायचो. त्यात लपवण्यासारखं काय होतं? सगळ्या शिफ्टला माहीत होतं.

नेत्यांनी गुळाच्या रजिस्टरची पानं काढून करारामागे टाचली होती.

काय पण अक्कल! माणसं विकायला निघाले, तेही आमच्याच गुळाच्या कागदावर. साधा नवा कागद घ्यायचीही लाज नाही की कष्ट नाहीत.

मारोती म्हणाला, "कोर्टात सांगाव लागन."

मी घाबरलो. दुसऱ्याच्या नावापुढं सही केलेली, रिटायरमेंटला सहा महिने राहिलेले. त्याला म्हटलं, "माह्या घरचा तरी विचार कर, बापा."

तो म्हणाला, "तू नोको येऊ. मी एकटाच बोलतो. तुहं नाव नाई घेत."

असं म्हटल्यावर कोण घरी बसेल? गेलो.

कोर्टात सेक्रेटरी पहिल्या रांगेत, मॅनेजरच्या मांडीला मांडी लावून. वकील म्हणाले, सर्व कामगारांची संमती आहे.

मारोती मागून उभा राहिला.

"साहेब, माही नाई."

जजसाहेबांनी यादी समोर धरली. "मग ही सही कोणाची?"

त्यानं माझं नाव घेतलं नाही. दिलेला शब्द पाळत उभा होता, खुळा.

मी उठलो. "माझी, साहेब. गुळासाठी केली होती."

लोक हसले. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "हे खरं आहे?"

गेटवर तासभर माइक न सोडणारा माणूस! रुमालानं चष्मा पुसत राहिला.

कोर्टानं मंजुरी थांबवली. पुन्हा मीटिंग घ्या, प्रत्येक कलम वाचा, नव्या सह्या आणा, असं सांगितलं. पॅकिंगचं कलम परत आलं. मारोती बाजूला उभा राहून ओळीओळीवर बोट ठेवत होता. नंतरच त्या कराराला मंजुरी मिळाली.

माझं काही वाकडं झालं नाही. पण सेक्रेटरींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला "कंपनीचा माणूस", म्हणजे मॅनेजरचा हस्तक, म्हणत फिरले. कोण म्हणत होतं तर हे! ज्यांच्या घरचा चहाही मॅनेजरच्या गाडीतून यायचा, ते.

मंजुरीची कॉपी आली तेव्हा मारोती दवाखान्यात होता. नाकाला नळी. मी कॉपी घेऊन गेलो.

"पॅकिंग हाय का त्याच्यात?"

"हाय."

"वाच."

वाचलं. त्यानं आणखी दोनदा वाचायला लावलं.

मग मीच म्हटलं, "तुहं नाव नाई पण यात. नुसतं लिवलं हाय, उपस्थित एका कामगाराने हरकत घेतली."

"बरोबरच हाय ना," तो म्हणाला. "कामगारच होतो. मॅनेजर थोडीच होतो?"

तुले चालत होतं, मारोती. मले नाई चालत.

म्हणून आज मी इथं लिहून ठेवतो. फ्लेक्सवाल्यांनीही वाचावं, आणि वाचून पुन्हा एकदा चष्मा पुसावा.

तो एक कामगार म्हणजे मारोती लिंगाजी. पॅकिंग प्लांट, दुसरी पाळी.

जा बापा, सुखानं जा. तुझ्या दोस्ताचा भरल्या डोळ्यांनी शेवटचा नमस्कार.