काळ्या दगडावरचा भंडारा

"या लोकांना दगड दिसला की देवच!" मागचे एक गृहस्थ बायकोला हसत म्हणाले आणि माझे कान तापले. 'हे लोक' म्हणजे माझी आत्या. ती माणमधून पहिल्यांदाच मुंबईला आली होती आणि मी तिला ट्रामनं समुद्र दाखवायला आणलं होतं. किनाऱ्यावरच्या हिरवळीवर नव्या तऱ्हेची शिल्पं मांडली होती. त्यातल्या एका काळ्या, बिनचेहऱ्याच्या दगडापाशी ती थबकली. "आमच्या बिरोबालाबी तोंड न्हाई गं," म्हणत तिनं पदराच्या गाठीतला भंडारा त्याला लावला. ती पाया पडायला वाकणार, तोच रखवालदार ओरडला, "आधी पुसा ते!" मघाशी त्याच गृहस्थांनी त्याच दगडावर सिगरेट विझवली, तेव्हा तो गप्प होता. "चुकलं दादा, पुसते की," म्हणत आत्या नव्या लुगड्याच्या पदरानं दगड घासू लागली. खाऱ्या वाऱ्यानं ती पिवळी पूड तिच्याच डोळ्यांत जात होती आणि माणसं हसत होती. मी वर्गातही कधी हात वर न करणारी मुलगी. पण आजही भंडाऱ्याचा वास आला की तो हशा आठवून अंगाचा तिळपापड होतो, आणि सगळ्यांना ऐकू गेलेला माझा आवाजही आठवतो: "पुसू नकोस, आत्या. तुझं पाया पडायचं राहिलंय, ते आधी कर."